पाडा सोडून येताना

नाशिकची माणसं दिंडोरी रोडने निघाली की बहुतेक वणीला थांबतात. गडावर जाऊन देवीचं दर्शन घेतात आणि परत फिरतात. फारच हौशी असली तर सापुताऱ्यापर्यंत जातात. त्या रस्त्याला मध्येच सुरगाण्याकडे जाणारा फाटा आहे. तिकडे कुणी वळत नाही, कारण तिकडे पाहण्यासारखं काही नाही. डोंगराच्या कुशीतलं एक खोरं, उतारावर कापून केलेली भाताची खाचरं, सागाची झाडं आणि थोड्या घरांचा एक पाडा. त्या पाड्यावर आम्ही वीसेक वर्षं राहिलो. गेल्या नोव्हेंबरात पुन्हा गेलो, ते सामान आणायला.

आम्ही म्हणजे मी आणि माझे यजमान. हे तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. पाड्यावर यांना सगळे 'पाळकबाबा' म्हणतात आणि मला नुसतं 'बाई'. तिकडच्या बोलीत अहो-जाहो नाही. देवाला तू, तहसीलदारालाही तू. सुरुवातीला मला ते कानाला टोचायचं. आता शहरात कुणी 'मॅडम, बसा' म्हटलं की परक्या घरात आल्यासारखं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं, आणि ते सुरगाण्याच्या डोंगरात कुठून मिळणार? इंदिरानगरला माझ्या बहिणीचा फ्लॅट रिकामा होता. तिथे चार दिवसांसाठी म्हणून उतरलो आणि तिथेच राहिलो. सुरुवातीला हे दर शनिवारी एसटीने पाड्यावर जायचे आणि सोमवारी परत यायचे. मग एका सोमवारी हे घाटात अडकलेले असताना घरी मला चक्कर आली. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं. त्यानंतर यांनी मंडळीच्या वरच्या समितीला सांगून टाकलं, मला मोकळं करा. समितीने यांच्या जागी कोण जातं म्हणून विचारपूस केली. कुणी तयार झालं नाही.

दिंडोरी रोड

शुक्रवारी डायलिसिस झालं होतं. पुढचं मंगळवारी. मधल्या दिवसांत जाऊन यायचं, असं डॉक्टरांना विचारून ठरवलं. डॉक्टर म्हणाले, "जा, पण पाणी मोजून प्या. चहा, आमटी, ताक, सगळं पाण्यातच धरायचं." मी मान डोलावली.

शनिवारी सकाळी भाड्याच्या टेम्पोचे मालक सलीमभाई टेम्पो घेऊन दारात आले. ते मूळचे जुन्या नाशकातले, बोलायला मोकळे. पंचवटीत भाजीच्या गाड्यांमध्ये टेम्पो अडकला तेव्हा म्हणाले, "बाई, तिकडे गर्दी नसेल ना?" मी म्हटलं, "तिकडे गर्दी म्हणजे शेळ्या." त्यांना ते इतकं आवडलं की दिंडोरी नाका येईपर्यंत ते हसत होते.

दिंडोरी ओलांडली की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. त्या दिवसांत मणी धरायला लागलेले असतात आणि बागांमधून माणसंच माणसं दिसतात. ही माणसं कुठली, ते गाडीतून जाणाऱ्यांना ठाऊक नसतं. भाताची कापणी आणि दिवाळी उरकली की आमच्या डोंगरातले पाडेच्या पाडे इकडे उतरतात. घोस विरळायचे, औषधात बुडवायचे, मुक्काम बागेच्या कडेला ताडपत्रीखाली. होळीला परत जायचं.

चहाला थांबलो त्या टपरीसमोर एक पिकअप उभी होती. मागे माणसं, गाठोडी, पातेली, दोन कोंबड्या. हे टेम्पोतून उतरले आणि पिकअपमधून एक माणूस उडी मारून आला. महादू! आमच्या मंडळीचा वडील, म्हणजे यांचा उजवा हात.

"बाबा! तू इकडं कुठं?"

"अरे, मीच विचारतो. उद्या उपासना आहे, निरोप दिला होता ना?"

महादूने मान खाली घातली. "मुकादमाने गाडी आजच लावली. म्हणला, आज नाय आलं तर दुसरी माणसं घेतो. काय करू? पोरं-बाया सगळी भरली गाडीत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तू लय वाळली."

मी पिकअपपाशी गेले. बहुतेक चेहरे आमचेच. ज्यांच्या लग्नात मी हळद वाटली होती त्या मुली आता कडेवर पोरं घेऊन बसल्या होत्या. ज्यांचा निरोप घ्यायला आम्ही निघालो होतो, ती निम्मी मंडळी तिथे चहाच्या टपरीसमोर उभी होती. त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

महादू म्हणाला, "बाबा, प्रार्थना कर."

यांनी पिकअपच्या फळीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. मुकादम पुढे बसलेला होता, त्याने हॉर्न वाजवला. हे प्रार्थना करत राहिले. एकेकाचं नाव घेत होते, पोरांचीसुद्धा. पुन्हा हॉर्न. गाडी सुरू झाली तेव्हा नावं संपलेली नव्हती. फळी यांच्या हाताखालून निघून गेली आणि हे दोन पावलं तिच्यामागे चालले. मग थांबले आणि रस्त्यातच 'आमेन' म्हणाले.

सलीमभाई चहाचे पेले घेऊन उभे होते. त्यांनी चहा दोघांच्याही हातात बळेच दिला. मी अर्धाच घेतला.

घाटाच्या वर

वणी मागे पडली की हवा बदलते. बोरगावच्या आसपास हल्ली स्ट्रॉबेरीची शेतं दिसतात. रस्त्याकडेला बायका पुठ्ठ्याच्या खोक्यांत ती लालचुटूक फळं मांडून बसतात. आम्ही आलो तेव्हा इथे नागली, म्हणजे नाचणी, आणि वरईशिवाय काही नव्हतं. एका बाईने मला ओळखलं नाही, पण एक फळ हातावर ठेवून म्हणाली, "खा, गोड हाय." मला चालत नाही, असं सांगायचा कंटाळा आला. खाल्लं. खरंच गोड होतं.

फाट्यानंतर डांबर संपतं. पावसाने ओढ्यावरची एक मोरी खचलेली होती आणि टेम्पो पुढे जाईना. सलीमभाईंनी खाली उतरून दगड रचले, यांनीही पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दगड उचलायला लागले. मी झाडाखाली बसून बघत होते. समोर सगळं खोरं उघडं पडलं होतं. कापलेल्या भाताचा पिवळा रंग, मध्ये मध्ये पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, आणि दूर गुजरातच्या बाजूला निळे होत गेलेले डोंगर.

लग्नाआधी हे सातपूरला कारखान्यात होते. चांगली कायम नोकरी. आमचं लग्न ठरलं तेव्हा यांनी मला गोदावरीच्या काठाने लांब फिरायला नेलं आणि म्हणाले, "शालिनी, मला देवाचं बोलावणं आलंय. कुठे जायचं ते अजून कळलेलं नाही, पण कारखान्यात राहणार नाही. तुला आलं नसेल तर आत्ताच सांग, मी वाईट वाटून घेणार नाही." मला बोलावणं वगैरे काही आलेलं नव्हतं. मला हे आवडले होते. मी म्हटलं, "तुम्ही जाल तिथे येईन."

आणि आले. पहिल्या वर्षी रोज रडले. विंचू, चुलीचा धूर, संध्याकाळी सातलाच काळोख. मग कधीतरी रडायचं राहून गेलं. बायका दुपारी येऊन बसायला लागल्या, त्यांना अक्षरं शिकवायला लागले, बाळंतपणात पाणी तापवायला जाऊ लागले. पण कुणी विचारलं असतं तर मी तेव्हाही हेच म्हटलं असतं की बोलावणं यांना आहे, मी सोबतीला.

पाडा

आमचं घर म्हणजे प्रार्थनामंदिराला लागून दोन खोल्या. वर पत्रा, भिंती अर्ध्या विटांच्या, अर्ध्या कुडाच्या. दोन-तीन महिने बंद होतं, म्हणून मी जाळ्या-धुळीची तयारी ठेवून होते. दार उघडं होतं. जमीन ताजी सारवलेली, चूल पेटलेली आणि चुलीपाशी जयाबाई.

जयाबाई आमच्या मंडळीत गाणी सांगते. नवरा लवकर गेला, मुलगी सुरतेकडे दिली. आवाज असा की खोऱ्याच्या पलीकडून ऐकू यावा. मला बघून ती उठली, जवळ आली आणि माझा डावा हात उचलून बघू लागली. डायलिसिससाठी तिथे शीर जोडलेली आहे, ती फुगलेली दिसते. तिने त्यावर अलगद तळवा ठेवला. आत रक्ताची थरथर लागते.

"हे काय गं, आत पाखरू हाय काय?"

मी हसले. मग मला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना. ती तशीच हात धरून उभी.

शहरात आमच्या इमारतीत कुणाकडे जायचं तर आधी फोन करावा लागतो. इथे उलटं. आलेलं माणूस प्रत्येक घरी गेलंच पाहिजे, नाहीतर त्या घराला वाटतं की आपलं काही चुकलं. आणि घरी गेलं की कोरा चहा. दूध नाही, गूळ-साखर भरपूर, पितळीभर. पहिल्या घरी मी म्हटलं, मला चालत नाही. त्या म्हातारीने पितळी हातातून परत घेतली आणि खाली ठेवली. तिची नजर पितळीवर राहिली. दुसऱ्या घरी मी घोटभर प्यायले. तिसऱ्या घरापासून मोजणं सोडलं. हे शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं.

दुपारी जयाबाईने जेवायला वाढलं. नागलीची भाकर, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. नागलीची भाकर नाशकातही मिळते, पण ती पाकिटातून आलेल्या पिठाची असते. इथली चुलीवरून सरळ हातात येते, काळपट, किंचित धुरकट, आणि आमटीत कुस्करली की दुसरं काही नको वाटतं. मी पोटभर जेवले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळी प्रार्थनामंदिरामागच्या कातळावर आम्ही दोघं बसलो. तिथून खाली नदीचं पात्र दिसतं. नाशकाहून निघाल्यापासून मी एक वाक्य मनात घोळवत होते. ते बोलले.

"तुम्ही इथे राहा. मी बहिणीकडे राहीन. डायलिसिसला ती येईल सोबत. महिन्यातून एकदा तुम्ही या."

हे नदीकडे बघत म्हणाले, "असं बोलू नकोस."

"का? देवाने तुम्हाला बोलावलं होतं. मला नाही. माझ्यासाठी तुम्ही त्याला नाही म्हणताय, हे मला बघवत नाही."

यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या संध्याकाळी चढला. "तुला काय वाटतं, पाड्यावर यायला ज्याने सांगितलं तो देव वेगळा, आणि लग्नात ज्याच्यापुढे तुझा हात धरला तो वेगळा? दोन्ही त्यानेच सांगितलं. आता दोन्ही एकदम होत नाहीत, तर मी त्याला रोज विचारतो, काय करू? तो काही सांगत नाही. काही सांगत नाही, शालिनी. मग मी जे समोर दिसतं ते करतोय."

मी यांना इतक्या वर्षांत शंका घेताना पाहिलं नव्हतं. आजही मी याला शंका म्हणणार नाही. पण ज्या माणसाने मला सगळा जन्म विश्वासाने राहायला शिकवलं, तो कातळावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

मी एवढंच म्हटलं, "निदान उद्या नीट निरोप घ्या."

रविवार

सकाळी उपासनेला म्हाताऱ्या बायका, दोन-तीन म्हातारे, लेकुरवाळ्या म्हणून मागे राहिलेल्या सुना आणि मुलं. तरणी माणसं सगळी बागांत. पूर्वी दारापर्यंत माणसं बसायची, आता अर्धी सतरंजी रिकामी. जयाबाईने गाणं सांगितलं. सलीमभाई बाहेर टेम्पोच्या सावलीत बसले होते, ते गाणं सुरू झाल्यावर पायरीपाशी येऊन बसले आणि संपेपर्यंत उठले नाहीत.

यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "आज मला बोलायचं नाही, तुमचं ऐकायचंय." मग एकेक जण उठून बोलला. कुणाचा ताप गेला होता, कुणाचा नवरा दारू सोडून घरी आला होता, एका म्हातारीला मरताना भीती वाटली नव्हती असं तिच्या सुनेने सांगितलं. या सगळ्यात मध्ये मध्ये माझं नाव येत होतं. 'बाई आली होती तेव्हा.' 'बाईने शिकवलं.' 'बाई रात्रभर बसली.' मला यातलं निम्मं आठवतही नव्हतं.

मग प्रभुभोजन. भाकर मोडताना यांचे हात स्थिर होते. द्राक्षरसाचा प्याला पुढे गेला, म्हाताऱ्यांच्या ओठांपाशी थांबत थांबत. इथे पुन्हा तो कधी भरेल, ते कुणालाच माहीत नव्हतं. तो द्यायला दीक्षा घेतलेला पाळक लागतो. जयाबाई शास्त्र वाचील, गाणी सांगील, महादू होळीला परत आला की प्रार्थना करील. पण हे नाही होणार.

शेवटी आशीर्वचनासाठी यांनी हात वर केले. शब्द वर्षानुवर्षं पाठ असलेले. पहिला शब्द निघाला, दुसरा निघाला आणि पुढे आवाजच नाही. हात वर तसेच. मंडळी डोळे मिटून वाट पाहत राहिली. मला वाटलं उठावं. तेवढ्यात जयाबाईने आपल्या त्या मोठ्या आवाजात पुढचं म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळ्या म्हाताऱ्या तिच्यामागून. आशीर्वाद द्यायला उभा राहिलेला माणूस आशीर्वाद घेत होता.

बाहेर आल्यावर जयाबाई मला म्हणाली, "बाई, एक विचारू? देवाने तुला आम्हाला दिली. दिलेली वस्तू कोणी परत नेतं काय?"

"देवाने यांना दिलं होतं, जया. मी यांच्यामागून आले."

तिला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणण्यापेक्षा ते तिला कळलंच नाही. "बाबाला दिलं असंल. आम्ही तर तुलाच बोलावत होतो ना? दारात येऊन कोण ओरडायचं, बाई ये, बाई ये? ते काय होतं मग?"

वीस वर्षं मी बोलावण्याची वाट पाहत होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण बोलावणं आभाळातूनच येतं अशी माझी समजूत होती. ते रोज दारात येऊन उभं राहत होतं, कधी बाळंतपणाचं, कधी ताप आलेल्या पोराचं, आणि मी प्रत्येक वेळी उठून जातही होते. फक्त त्याला काय म्हणतात ते मला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा टेम्पोत भांडी भरून झाली होती.

परतीचा घाट

सोमवारी सकाळी निघताना माझी पावलं चपलेत मावेनात. मी ते कुणाला सांगितलं नाही. जयाबाईने नागलीच्या पिठाची पिशवी दिली, एका म्हातारीने डोक्यावर हात ठेवला. पोरं मोरीपर्यंत पळत आली. मी हात हलवत होते आणि मला आडवं व्हावंसं वाटत होतं.

घाट उतरताना श्वास पुरेना. पाण्यात बुडाल्यासारखं होतं ते. माणूस हवेत बसलेलं असतं आणि आतून बुडत असतं. यांनी माझी पाठ आपल्या छातीला टेकवून धरली. सलीमभाईंनी आरशात बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पकडून बसा." त्यानंतर ते वणीला थांबले नाहीत, दिंडोरीला थांबले नाहीत. मागे पितळ्या, घागरी, यांचं पुस्तकांचं कपाट दणदण आदळत होतं. बागा दोन्ही बाजूंनी मागे पळत होत्या. त्यातल्या कुठल्यातरी बागेत आपली माणसं आहेत, एवढंच मला सुचत होतं.

हे माझ्या कानाशी प्रार्थना करत होते. शब्द कळत नव्हते. कातळावर मी जे बोलले होते, त्याचं उत्तर मला त्या घाटात मिळालं. यांना तिथे ठेवून मी इकडे राहणं जमणारं नव्हतं, आणि ते मी आधीपासून ओळखून होते, असं आता वाटतं. तरी पाड्यावर प्यालेल्या त्या चहाचा एक घोटही मला परत करावासा वाटत नाही.

गंगापूर रोड

सलीमभाईंनी टेम्पो थेट गंगापूर रोडच्या डायलिसिस सेंटरच्या दारात नेला. आमच्या संसारासकट. सिस्टरने मला बघितलं आणि खाट मोकळी करून घेतली. सुया टोचल्या, मशीन फिरू लागलं, आणि हळूहळू, तास-दीड तासाने, छातीवरचा दगड उतरला.

शेजारच्या खाटेवर एक नवे गृहस्थ होते. कपडे इस्त्रीचे, पहिल्यांदाच आलेले, घाबरलेले आणि म्हणून बोलके. माझ्या पायथ्याशी स्टुलावर बसलेल्या यांना म्हणाले, "तुम्ही काय करता?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला होता. लग्नात, एसटीत, सरकारी कचेरीत. प्रत्येक वेळी उत्तर तयार असायचं, आणि ते देताना हे थोडे ताठ बसायचे. मी डोळे मिटून पडले होते. झोपले आहे असं यांना वाटलं असावं.

यांच्या पँटच्या कडेला अजून मोरीवरचा चिखल वाळलेला होता, तो यांनी नखाने खरवडला.

"मी हिच्यासोबत येतो," हे म्हणाले.

ते गृहस्थ "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि छताकडे बघू लागले. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर यांना माझ्याकडे बघून हसावं लागलं असतं.